गच्चीवरची विजूताई

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. दुकानदार म्हणत होता, "आता खालची ओळ वाचा," आणि माझी भाची पल्लवी फोनवर सांगत होती, "मामा, आई गेली... चहा मागितला, मी करायला आत गेले, आणि..." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि खालची ओळ वाचली. बरोबर वाचली. सख्खी मोठी बहीण गेल्यावर काय करायचं असतं हे पंचावन्न वर्षांच्या माणसाला कळू नये, याची लाज दीड महिना झाला तरी जात नाही.

ताईचं घर दिंडोशीला, सातव्या मजल्यावर. वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली तशी ती अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसली, ती पंचवीस वर्षं. मान खाली घालून. चाळिशीनंतर ती मान वळेनाशी झाली. मागून हाक मारली की ताई अख्खी वळायची, गल्लीत ट्रक वळवावा तशी. त्यातच भावोजी गेले आणि झोपही गेली. कुणीतरी तिला बागेतल्या योगाच्या वर्गाला ओढून नेलं. तिथं एक आसन करून थांबायचं नसे. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, श्वासाच्या लयीत सलग जायचं. शिकवणाऱ्या बाई त्याला विन्यास म्हणत. ताईनं ते आपल्या भाषेत बसवून घेतलं, "शिवण घालताना मधेच पाय काढला की टाका बिघडतो ना, तसंच हे." वर्षभरात तिची मान दोन्हीकडे वळायला लागली. रात्रीच्या गोळीची गरज उरली नाही. जमिनीवर बसून भाजी निवडून ती हात न टेकता उठायची, आणि मी सोफ्यावरून उठतानासुद्धा "आई गं" म्हणायचो.

मग तिनं बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी सहाला वर्ग सुरू केला. दहा-बारा बायका, घरच्या जुन्या चादरी, आणि मोजणीला ताईचा आवाज. एकदा मीही गेलो. बायकांत एकटाच पुरुष म्हणून पोट आत ओढून उभा. एखादं आसन जमलं की मी तसाच थांबायचो, कुणी बघतंय का ते पाहायला. ताई सगळ्यांसमोर गावच्या मालवणीत ओरडली, "रे मेल्या, थांबतंस कित्याक? तुझो फोटो काढूक हय कोण येवचो नाय!" बायका हसून हसून चादरीवर बसल्या. मी रुसून दोन महिने तिकडे फिरकलो नाही. मात्र त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये एकाशीही भांडलो नव्हतो, हे बायकोनं लक्षात आणून दिलं.

गेल्या वर्षी ताईचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तोही पुढे गेलेला. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर मी, जन्माचा शहाणा, तिला म्हणालो, "एवढी वर्षं अंग पिळलंस, काय उपयोग झाला गं?"

ताईनं पदर सारखा केला. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर आजही माझ्या पाठीवर आहे.

त्यानंतर मी एक दिवसाआड मुलुंडहून लिंक रोडची बस धरून तिच्याकडे जायला लागलो. माफी मागायची म्हणून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. ताईचा सराव तोवर लहान होत चालला होता. आधी उभ्यानं, मग खुर्चीत, मग पलंगावर नुसते हात. पुढे आवाजही पुरेना, तेव्हा म्हणाली, "तू मोज. पण सावकाश. तुझी बस सुटत नाहीये." मी मोजायचो. श्वास घेत हात वर, सोडत खाली. हात उचलेनात तेव्हा मनगटं, मनगटं दमली तेव्हा बोटं... पण क्रम तोच, लय तीच.

एका दुपारी ती आपण होऊनच बोलली. "त्या दिवशी विचारलंस ना, काय उपयोग?"

"ताई, मी उगीच..."

"ऐक रे. भीती येते. पोटातून वर चढते. तेव्हा एक श्वास आत, एक बाहेर... तेवढा वेळ ती माझ्या छातीवर बसत नाही. मग पुन्हा एक. दुखणं जात नाही, खोटं कशाला बोलू? पण मी माझी राहते." मग म्हणाली, "आणि पंधरा वर्षं झोपले की नाही सुखानं? ते कुठं मोजशील?"

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "पुन्हा एकदा करूया?" तिनं उजव्या हाताची बोटं उचलली.

गेल्या आठवड्यात पल्लवी म्हणाली, वर्ग बंद पडलाय, बायकांना हवाय, पण पूर्ण क्रम फक्त मामाला पाठ आहे. वर्गाच्या आदल्या दिवशीच तिच्याकडे मुक्कामाला गेलो. सकाळी सहाला गच्चीवर बारा बायका आपापल्या चादरींवर उभ्या. मी समोर. "श्वास घेत... हात वर," म्हटलं, बारा जोड्या हात वर गेले, आणि मला पुढचा शब्द फुटेना.

मग पहिल्या रांगेतल्या जाधव वहिनी, डोळ्यांतून पाणी वाहत असताना म्हणाल्या, "दादा, पुढचं बोला ना! आम्ही काय रिक्षा थांबवतोय?"

सगळ्या हसल्या. हात मात्र एकीनंही खाली घेतले नाहीत.

"श्वास सोडत," मी म्हटलं, "खाली." बारा पाठी एकदम वाकल्या. त्यांच्याबरोबर माझीही. माझे हात गुडघ्यापर्यंतच पोचले, पण पोचले.