उन्हात नेऊन बघितलेला मॉनिटर

रंगाच्या बाबतीत माझी नजर कधी चुकत नाही, हे मी स्वतः कित्येक लोकांना सांगितलेलं आहे.

ईट गावात माझं मॅचिंग सेंटर आहे. म्हणजे ब्लाऊज पीस, अस्तर, फॉल आणि लग्नसराईत फेटे. बाई साडी घेऊन आली की मी बाईकडं बघत नाही (बघूच नये, बायको गल्ल्यावर असते!), साडीकडं बघतो, फळीवरून एक पीस ओढतो आणि म्हणतो, "जावा, उन्हात नेऊन बघा." ट्यूबच्या उजेडात रंग खोटं बोलतो, उन्हात खरं बोलतो. हा आमच्या धंद्याचा मूलमंत्र. ह्याच मंत्रानं माझा घात केला.

झालं असं, की माझी मुलगी पिंकी लग्नाचे अल्बम करायला शिकली. फोटोतला उजेड सुधारायचा, रंग सुधारायचे, पानं मांडायची, असलं काम. तिची पहिलीच ऑर्डर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या पोराचं, बंडूचं लग्न. ही बहीण म्हणजे सोनारी गावात दिलेली आक्का. फोटोग्राफरनं पिंकीला बजावलं होतं, "हा अल्बम नीट झाला, तर सगळ्या सीझनचं काम तुझं. बिघडला, तर राम राम!" आणि पिंकीकडचा जुना लॅपटॉप एक फोटो उघडायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात बंडूला पोरगं होऊन शाळेत गेलं असतं.

तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. बजेट बेताचं होतं. पिंकीनं मला आमच्या भाषेत समजावलं.

"पप्पा, कॉम्प्युटरच्या वरच्या डब्यावर पैसा उधळायचा न्हाय. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक कार्ड चांगलं घ्यायचं. म्हणजे अस्तर भारी, वरचं कापड कसलं बी चालतंय. आन् मॉनिटर तेवढा खरा रंग दाखवणारा पाहिजे."

"खरा रंग?" मी छाती पुढं काढली. "मग मी येतोच!"

"म्हणूनच म्हणत होते, मी एकटी जाते."

पण तिचं कोण ऐकतंय! एसटीनं आम्ही तिघं धाराशिवला निघालो. पिंकी, मी आणि बायको. माझ्या पिशवीत एक राणी कलरचा आणि एक चिंतामणी, म्हणजे मोरपंखी निळा, ब्लाऊज पीस. (मॉनिटर घ्यायचा म्हणजे मॅचिंग नको का बघायला?)

दुकानदार रशीदभाई मोठा गोड माणूस. त्यानं चहा मागवला.

"चहा फिक्कट आहे," मी म्हणालो.

"आवो, तुमाला हल्ली समदंच फिक्कट लागतंय," बायको म्हणाली. "काल डाळीला फिक्कट म्हणला, परवा चंद्राला!"

मी दुर्लक्ष केलं. बायकांना रंगातलं काय कळतं? (हे वाक्य मी मनात म्हणालो. मी रंगातला तज्ज्ञ आहे, वेडा नाही.)

डब्याचं काम पिंकीनं झटक्यात उरकलं. रंगीबेरंगी दिव्यांचा, आत नवरात्र चालू असल्यासारखा एक डबा मला लई आवडला होता, पण तिनं काळा, मुका डबा निवडला आणि वाचलेल्या पैशात रॅम वाढवून घेतली. मग मॉनिटर. तिनं एक मध्यम आकाराचा पसंत केला. मोबाईलमधून राणी पिसाचा फोटो त्याच्यावर लावला, पीस शेजारी धरला आणि म्हणाली, "बघा पप्पा, सेम टू सेम."

"फिक्कट आहे."

"कुठं फिक्कट? डिट्टो हाय की!"

"रशीदभाई," मी उठलो, "हा मॉनिटर जरा बाहेर उन्हात घ्या."

रशीदभाईनं पिंकीकडं बघितलं, पिंकीनं छताकडं बघितलं.

"मालक, ह्याला उन्हात कोन बघतंय?"

"पप्पा, मॉनिटर घरात ठिवायचाय!"

"शालू बी घरातच ठिवत्यात! घेताना उन्हातच बघत्यात का न्हाय?"

रशीदभाई उठला. वायरचा बोर्ड लांबवला. पायरीवर स्टूल आलं, स्टुलावर मॉनिटर आला. दुपारचं ऊन असं, की डांबर मऊ झालेलं. मी रस्त्यात उभा राहून, एक डोळा बारीक करून, चिंतामणी पीस हातात धरून बघतोय, तर मॉनिटरमध्ये फक्त मीच दिसतोय!

"हा तर आरसाय की!" मी ओरडलो. "दुसरा आणा!"

दुसऱ्यातही मीच. तिसऱ्यात मी आणि माझ्यामागं थांबलेली एक रिक्षा. चौथ्यात रिक्षावाला, त्याचे दोन पाशिंजर आणि बाजाराची पिशवी घेतलेली एक म्हातारी. एका तरण्या गड्यानं विचारलं, "काका, मॅच लागलीय का? स्कोर किती?" म्हातारी म्हणाली, "न्हाय बाबा, टीव्हीचा लिलाव चाललाय." तेवढ्यावर दोघांनी बोलीही लावली. बायको पदरानं तोंड झाकून अशा बेतानं उभी राहिली, की बघणाराला ती रिक्षावाल्याची वाटावी.

आणि मग मला तो दिसला! दुकानाच्या दर्शनी बाजूला, रस्त्याकडं तोंड करून, भर उन्हात धडधडीत दिसणारा पडदा. लाल म्हणजे लाल, हिरवा म्हणजे हिरवा.

"हा किती?"

"मालक, तो जाहिरातीचा बोर्ड हाय," रशीदभाई काकुळतीला आला. "रोडवरच्या लोकांना दिसावा म्हनून हाय. जुना हाय. उजेड कमी करायचं रिमोट बी हरवलंय."

"उजेड कमी करायचाय कुणाला? स्वस्तात द्या!"

पिंकी रडकुंडीला आली. "पप्पा, तुमच्या पाया पडते."

"पड, पण बिल झाल्यावर."

घरी आणून दिवेलागणीला तो पडदा चालू केला, आणि आमच्या माजघरात दुपारचे बारा वाजले. गल्लीतली पाखरं आत आली. शेजारच्या खुराड्यातला कोंबडा आरवला. शेजारणीनं खिडकीतून विचारलं, "वैनी, लग्नाचा मांडव टाकलाय व्हय?" बायकोनं त्याच उजेडात तांदूळ निवडायला घेतले आणि त्या दिवसापुरती तक्रार मिटली.

पिंकी मात्र डोळे चोळत काम करायची. "पप्पा, ह्याच्यावर समदंच उजाळ दिसतंय वो. प्रत्येक फोटो लई गडद करावा लागतोय. छापल्यावर काय हुईल, मला भ्या वाटतंय."

"गडदच पाहिजे! फिक्कट अल्बम कोण घेतंय? कर अजून गडद!"

बापाचं ऐकलं बिचारीनं. अल्बम छापून थेट सोनारीला गेला. आणि दुसऱ्या दिवशी अल्बम काखोटीला मारून आक्का पहिल्या गाडीनं ईटला हजर!

"सुध्या," तिनं अल्बम माझ्या मांडीवर आदळला, "माझ्या बंडूचं लगीन भर दुपारी झालतं का अमावशेला?"

मी उघडला. पहिल्या पानावर अंधार. दुसऱ्या पानावर अंधार आणि मधोमध मुंडावळ्या. तिसऱ्या पानावर नुसते दात.

"हे कोण?" मी विचारलं.

"तूच की! मामा म्हणून माझ्या लेकाच्या मागं उभा राहिला न्हवतास का? त्या व्याह्यांनी अल्बम बघून इचारलं, लाईट गेली तवा लगीन लावलं का म्हणून!"

पिंकी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. फोटोग्राफरचा फोन येऊन गेला होता म्हणे. आठवड्यात दुसरा अल्बम दिला तर ठीक, नाहीतर सीझनचं काम भूमच्या पोराला. पोरगी डोळे पुसत होती आणि मला माझी लाज वाटत होती. खरंच वाटत होती. सगळा शहाणपणा तिथंच गळाला.

"जा बाई," मी म्हणालो, "तुझ्या पसंतीचा आण. मी येत न्हाय."

"याल कसं? मी सांगितलंच न्हाय तर!" ती म्हणाली आणि आईला घेऊन धाराशिवला गेलीसुद्धा. तोच मध्यम, फिक्कट मॉनिटर आला. जाहिरातीचा पडदा मी दुकानाच्या दारावर ठोकला, निदान बोर्ड तरी होईल म्हणून. पिंकीनं मान मोडून काम केलं आणि छापायच्या आधी आक्काला बोलावून नव्या मॉनिटरवर सगळा अल्बम दाखवला.

सगळं लख्ख! बंडू दिसला, सूनबाई दिसली, मी दिसलो. आणि फेटे दिसले.

इथं सांगायला हवं, की लग्नातल्या सगळ्या फेट्यांचं मॅचिंग माझं होतं. सगळे चिंतामणी, एकाच रंगाचे, माझ्या हातानं निवडलेले. आणि ह्या मॉनिटरवर काही फेटे निळे, काही हिरवे, दोन-तीन चक्क जांभळे! एकाच वरातीत तीन पक्षांचे कार्यकर्ते घुसल्यासारखे.

"बघा!" मला आनंदच झाला. "मी म्हणत नव्हतो? मॉनिटर चुकतोय!"

पिंकी शांतपणे उठली. उरलेले फेटे दुकानात पडलेच होते, त्यातले तीन आणून मॉनिटरशेजारी धरले. "सेम टू सेम," ती म्हणाली.

"तिथं नको, उन्हात!" मी तिन्ही फेटे घेऊन अंगणात गेलो. माझ्या मागं पिंकी, बायको, आक्का. भर उन्हात मी ते उंच धरले. "आता बघा. तिन्ही एकच रंग! हाय का न्हाय?"

तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आवो," बायको हळूच म्हणाली, "त्यातला एक हिरवाय."

"लग्नात सांगायचं न्हाय का मग?" मी आक्काकडं वळलो.

"मला वाटलं, नवी फॅशन असंल," आक्का म्हणाली. "कापडातलं तुलाच कळतंय म्हणून समदी गप बसली!"

पुढच्या गाडीनं मला धाराशिवला नेलं. मॉनिटर बघायला नव्हे, डोळे दाखवायला. डॉक्टरांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. हल्ली सगळं फिक्कट दिसत असेल ना?"

"चहा, डाळ आन् चंद्र," बायकोनं माझ्याआधी सांगितलं.

ऑपरेशन झालं. अल्बम छापून आला, व्याह्यांनी वाखाणला, सीझनचं काम पिंकीला मिळालं. (फेटे तिनं कॉम्प्युटरवर सगळे एकाच रंगाचे करून टाकले. मॅचिंग सेंटर आता तीच चालवते म्हणायला हरकत नाही.) डोळ्यावरची पट्टी निघाली आणि काळा चष्मा लावून, बायकोचा हात धरून मी दुकानाच्या दारात आलो. मान वर केली आणि काळ्या चष्म्यातूनही डोळ्यात दुपार घुसली!

"आगं आई गं! बंद करा ते! आंधळा करता का मला?" मी दोन्ही हातांनी तोंड झाकून खालीच बसलो. "एवढा भडक पडदा कुठल्या येड्यानं इकत आणला?"

बायकोनं पडदा बंद केला नाही. सावकाश दुकानातलं स्टूल आणून माझ्याजवळ ठेवलं आणि म्हणाली, "जरा उन्हात घिऊन बघा की. फिक्कट वाटंल."