ड्रास्टिक सर

हेडसर चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं काचा पुसायचे, चष्मा पुन्हा नाकावर चढवायचे आणि म्हणायचे, "आता ड्रास्टिक स्टेप घ्यावी लागते, मॅडम." मग शिपाई चहा आणायचा. चहा संपेपर्यंत स्टेपही संपलेली असायची.

असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. आमचे मात्र त्यांच्यातले अस्सल.

सालेकशाकडे, जंगलाला लागून असलेल्या एका खासगी शाळेत मी इंग्रजी शिकवत होते. गोंदियाहून रोज गाडीनं जाणं-येणं. रुजू झाले त्याच आठवड्यात हेडसरांनी मला बोलावलं.

"मॅडम, ड्रास्टिकले मराठीत काय म्हणतात जी?"

"कठोर. टोकाचं. एकदम मुळापासून बदल करणारं," मी म्हटलं. "साध्यासुध्या गोष्टीला नाही वापरत, सर."

त्यांनी तिन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. "नाही जमत. कठोर म्हटलं तं पोट्टे हासतात. ड्रास्टिक म्हटलं तं गप बसतात. समजत नाही ना, म्हणून!"

बी.एड.च्या वर्गात भाषेबद्दल इतकं खरं मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या सांगण्याचा काही उपयोग झाला नाही. खडू लवकर संपले, ड्रास्टिक. चहात साखर जास्त, तेही ड्रास्टिक. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचे सुप्रभात येऊ लागले तेव्हा सरांनी 'ड्रास्टिक कार्यवाही' करण्याचा इशारा टाकला. त्यावर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. दुसऱ्या दिवशी पहिलं गुलाबाचं फूल सरांचंच आलं.

हा शब्द एकदाच कामी आलेला मी पाहिला. गावातल्या बकऱ्या शाळेच्या आवारात शिरून रोपं खायच्या. सरांनी फाटकावर फलक लावला : 'आवारात बकरी आढळल्यास ड्रास्टिक कार्यवाही करण्यात येईल.' शिपायानं तो मोठ्यानं वाचून दाखवला, पण त्याच्या तोंडी 'प्लास्टिक' आलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी फाटकातूनच ओरडली, "काऊन जी हेडमास्तर! मुक्या जनावराले प्लास्टिक चारतेस? मरंल ना ते!"

आठवडाभर एकही बकरी फिरकली नाही. सर खूश. गैरसमज दूर करू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. काम होऊन राहिलं ना?"

मग मार्च आला. उन्हाळा लागला की सकाळची शाळा, ही सगळीकडचीच रीत. आणि त्याच दिवसांत आमच्याकडे मोह गळतो. पहाट व्हायच्या आधी घरची सगळी माणसं टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचायला जंगलात जातात; ती विकूनच घरात पैसा येतो. ऊन चढलं की फुलं सुकतात, जनावरं खाऊन टाकतात. साहजिकच शाळा भरायची तेव्हा वर्ग रिकामे आणि झाडांखाली पोरं.

संस्थेचे सचिव गोंदियाहून गाडी घेऊन आले. रिकामे बाक पाहून म्हणाले, "ये क्या है? हेडमास्तर, काहीतरी ड्रास्टिक करा. येत नाहीत त्यांची नावं काढा. परीक्षेला बसू देऊ नका."

आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडून आलेला ऐकून सर चपापले. त्यांनी चष्मा काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चला मॅडम, नावं काढायच्या आधी तोंडं तं पाहू."

नववीतली सरिता आम्हाला एका मोहाखाली सापडली. माझ्या वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. आम्हाला पाहून ती आईच्या मागे लपली. आईनं टोपली खाली ठेवली नाही.

"परीक्षा आहे, माय. पोरीले पाठव," सर म्हणाले.

"पाठवतो ना जी. कोण नाही म्हणते? पण मोह पडून राहिला. तुमची शाळा उन्हं आल्यावर भरत नाही का?"

"उन्हाळ्यात सकाळीच असते."

"कायले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून, हे उत्तर पहाटेपासून रानात वाकलेल्या त्या पोरीसमोर द्यायला दोघांचीही जीभ वळेना.

 शाळेत आल्यावर सर शिपायाला म्हणाले, "उद्यापासून घंटा अकराले." बस, एवढंच.

पोरं आली. हातांना मोहाचा वास, डोळ्यांवर झोप, पण आली. वरचे पत्रे तापायचे, पंखे गरम हवा फिरवायचे. आम्हा शिक्षकांचे मात्र हाल सुरू झाले. दुपारी घरी जाऊन पडायची सवय मोडली होती. 'विद्यार्थ्यांच्या आरोग्याची चिंता' वाटून आमच्यातल्याच कुणीतरी संस्थेकडे तक्रार केली. त्या पत्रातली काळजी इतकी मनापासूनची होती म्हणे, की सचिवांनी ताबडतोब फोन केला.

मी समोरच बसले होते. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हो साहेब, परवानगी नाही घेतली. घेतली असती तं मोह संपून गेला असता."

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हे मी केलो ते ड्रास्टिकमध्ये बसते का?"

"बसतं, सर."

"मंग एवढंसं काऊन वाटते?"



परीक्षा सुरू असतानाच सरांच्या बदलीचा आदेश आला. संस्थेची दुसरी शाळा अर्जुनी मोरगावकडे होती, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ताबडतोब रुजू व्हायचं. निरोप समारंभ कोण करणार? संस्थेच्या डोळ्यांवर यायची कुणाची तयारी नव्हती. आम्ही वर्गणी काढली नाही, नारळ आणला नाही. शिपायानं तेवढा त्यांचा टेबलफॅन स्टेशनवर पोचवला.

त्यांची गाडी दुपारची होती आणि त्या वेळी पोरं पेपर लिहीत होती. स्टेशनवर जायला कुणी मोकळंच नव्हतं.

रूळ आमच्या शाळेच्या मागूनच जातात. गाडीचा आवाज आला तशी सरिता लिहिता लिहिता उठली. मग सगळा वर्ग उठून खिडक्यांशी गेला. मी पर्यवेक्षक होते. मी कुणाला अडवलं नाही.

सर डब्याच्या दारात उभे होते. पोरांनी हात हलवले, 'सर, सर' अशा हाका मारल्या. सरांनी आधी बघितलं, मग घाईघाईनं दोन्ही हात खालीवर करू लागले. बसा, बसा, पेपर लिहा. गाडी जंगलाआड जाईपर्यंत त्यांचे हात तसेच खालीवर होत राहिले.