राणे बाईंचे देश

नववीच्या अख्ख्या वर्षात राणे बाईंनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी इजिप्त होते. चालू घडामोडींच्या तासासाठी त्यांनी प्रत्येकाला एक देश दिला होता आणि तो वर्षभर मानगुटीवर बसायचा. "ए ब्राझील, फळा पूस!" "जपान, नखं बघ तुझी!" पालकसभेत तर माझ्या आईलाच म्हणाल्या, "या, इजिप्तच्या आई." आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रोज पेपर वाचून आपल्या देशाची बातमी आणायची. नाही आणली की, "देश झोपलो काय गो तुझो?" बाई मालवणच्या. चिडल्या की मालवणी सुटायची, आणि चिडलेल्या तर त्या कायमच असायच्या. तिकडे इतिहासाचे धडे तसेच पडलेले आणि बाई आपल्या नाईल नदीवर!

त्या नाईलनेच माझा घात केला. इथिओपिया वरच्या अंगाला धरण बांधत होता आणि खाली इजिप्तला पाण्याची धास्ती. इथिओपिया म्हणजे वैशाली. नाहूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारी, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. तिच्या घरच्यांनी नळाला मोटर लावली आणि वर आमच्याकडे थेंब येईना. दोघींच्या आयांचं कडाक्याचं भांडण झालं. "त्या घरातल्या कुणाशी बोललीस तर बघ!" आईने दम दिला. महिनाभर आम्ही बोललो नव्हतो. तिच्याशिवाय मला डबा गोड लागत नव्हता.

बाईंनी आम्हाला एका बाकाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून समोरासमोर बसवलं. मी तावातावाने सुरू झाले, "पाणी सगळ्यांचं आहे! तुम्ही मोटर लावून सगळं ओढता!"

"धरणाला मोटर?" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "खुर्ची बदल. आता तू इथिओपिया."

"बाई, मला नाही जमणार." मी रडकुंडीला आले.

"रडतस कित्याक? दुसऱ्याची बाजू मांडता येत नसेल, तर आपलीही मांडायची नाही."

मी वैशालीच्या खुर्चीत बसले. धरणाबद्दल काही म्हणजे काही आठवेना. तोंडातून निघालं ते भलतंच, वैशालीच्या घरचं. "आमची आजी अंथरुणात आहे. दिवसातून चारदा चादरी धुवाव्या लागतात." वैशालीने बाकावर डोकं टेकलं. मीही भोकाड पसरलं. आणि बाई काय म्हणाव्यात? "ब्राझील, पुढची बातमी."

दुसऱ्या दिवशी आई शाळेत येऊन कडाडली, "अभ्यास शिकवा ना! आमच्या बिल्डिंगच्या भानगडी कशाला?"

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. आता तुम्ही तळमजला."

पंधरा मिनिटांनी आई लालबुंद होऊन बाहेर आली. "काय बाई आहे, देवा!" घरापर्यंत तिची बडबड थांबली नाही. आणि जिन्यापाशी येऊन तिने वैशालीच्या घराची बेल दाबली. सोमवारपासून सकाळी सहा ते सात त्यांची मोटर बंद राहू लागली आणि वैशाली माझ्या बाकावर परत आली.

बाई गेल्या वर्षी वारल्या. आभार मानायचे राहून गेले, आणि खरं सांगू, मानायचेही नाहीत. आजही कुणाशी कडकडून भांडायला उभी राहिले की तोंड उघडायच्या आत समोरच्याचंच पटायला लागतं. सख्ख्या नवऱ्याशीसुद्धा धड भांडता येत नाही मला. पार वाट लावली बाईंनी.