कुंदाताईंचे मामंजी

सशाला विंचरण्याआधी कुंदाताई त्याच्या अंगावर हलकेच फुंकर घालत. त्या श्वासाने लांब, पांढरे केस दुभंगत, तळाशी गुलाबी कातडीचा ठिपका दिसे आणि क्षणात मिटून जाई. मग तेवढ्याच जागी फणी फिरे, आणि फुंकर बोटभर पुढे सरके. जबलपुरात, विजय नगरात, त्यांच्या शेजारी राहायला गेल्यावर मी प्रथम पाहिले ते हे दृश्य. कुंपणाआड मी बराच वेळ उभी होते. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणे मला आजही जमत नाही. त्यांनीच मान वर न करता म्हटले, "काहून तिथून पाहून राहिल्या? आत या. मामंजी चावत नाहीत."

मामंजी म्हणजे सासरे, आणि सशाचे नाव तेच होते. नात इंदूरला शिकायला जाताना हा अंगोरा ससा आजीवर सोपवून गेली होती. गालांवरून उतरणारे पांढरे कल्ले आणि न बोलता नापसंती दाखवणारा तो चेहरा पाहून कुंदाताईंना आपले दिवंगत सासरे आठवले. "ते असेपर्यंत त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीत बसले नाही," त्या सांगत. "भाजी बिघडली तर रागवायचे नाहीत, नुसते खाकरायचे. घाम फुटायचा मला! आता पाहा, मांडीवर घेऊन त्यांचे कान साफ करून राहिले." पनागरहून भाजी आणणारा भैयाही या थट्टेत सामील होता. फाटकातूनच तो ओरडे, "दीदी, ससुरजी के लिए गाजर के पत्ते लाया हूँ!"

"अच्छा, रख दो. धोए हैं न?" ताई गंभीरपणे विचारत. "मिट्टी देखकर नाराज हो जाते हैं."

ताई आणि मामंजी, दोघांपैकी आज कोणीही नाही. पण दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत गेले की मला त्यांची ती खोली आठवते. फटीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात सुटे केस तरंगत असत, कुठे जायचे ते न ठरवता निघाल्यासारखे. एखादा ताईंच्या चष्म्यावर टेके, एखादा माझ्या चहावर. आम्ही फार बोलत नसू. ससा डोळे अर्धे मिटून पसरलेला असे, आणि तो झोपला आहे, की ताई, की मीच, हे काही वेळाने मला सांगता आले नसते. मध्येच फणी अडे. "ओढायचं नाही," ताई पुटपुटत, माझ्याशी की सशाशी कोण जाणे. "गुंत्याला बोटांनी चाचपायचं, आणि विचारायचं, बाबा रे, तू सुरू कुठून झाला?"

एका हिवाळ्यात ताईंच्या हातांना कंप सुटला. फणी हातात ठरेना, सशाच्या पोटाखाली जटा धरू लागल्या. ससा अंग चाटतो आणि गळालेले केस गिळतो. ते पोटात साचले की त्याचे खाणे सुटते. होळी झाली आणि मामंजींनी पाल्याकडे पाठ फिरवली. डॉक्टरांनी औषध दिले आणि सांगितले, अंगावरचे सगळे केस आजच्या आज उतरवा, नाहीतर हा जगणार नाही. मी उतरवतो, पण भूल द्यावी लागेल, आणि या वयात तो भुलीतून उठेल याची खात्री देत नाही. ताई सशाला तसाच घरी घेऊन आल्या. एव्हाना त्या मला एकेरीत हाक मारू लागल्या होत्या. त्यांनी कात्री माझ्यापुढे धरली. ती त्यांच्या हातात किणकिणत होती.

"तू काप."

"मला नाही जमणार, ताई."

"मलाही नाही जमून राहिलं. म्हणून तर तुला म्हणते."

सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि केसांबरोबर वर उचलली जाते. म्हणून फणी कातडीला टेकवून धरायची आणि कात्री तिच्या वरूनच चालवायची, हे ताईंनी मला दोनदा समजावले. मग मामंजींना मांडीवर घेऊन त्यांनी दोन्ही थरथरते तळवे त्यांच्या अंगावर ठेवले. ससा त्या थरथरीला सरावला होता. तो हलला नाही. मानेजवळ तो एकदा दचकला, आणि कापलेच असे वाटून मी कात्री मागे घेतली.

"काही नाही झालं," ताई म्हणाल्या. "माझे हात नको पाहू. फुंकर तर हलत नाही न माझी? तिच्या मागे मागे ये. चलो."

त्या फुंकर घालत गेल्या, मी कापत गेले. वर्तमानपत्रावर ढग उतरत राहिले. ऊन पट्ट्यापट्ट्याने भिंतीवर चढले, आणि शेवटी त्या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यातून मुठीएवढ्या बरगड्यांचा, मोठाल्या कानांचा एक जीव उरला.

ताई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. "अहो मामंजी," त्या म्हणाल्या, "एवढेसेच होते काय हो तुम्ही?" आणि हसल्या.

ससा थरथरू लागला होता. त्यांनी त्याच्यावर पदर घातला, कोथिंबिरीची एक काडी हळूच आत सारली आणि मला पंखा बंद करायला सांगितले. त्या उकाड्यात आम्ही दोघी घामाने भिजत, एकमेकींकडे न पाहता बसून राहिलो. खूप वेळाने पदराखालून काडी कुरतडल्याचा बारीक आवाज येऊ लागला.