बिकॉज मास्तर

जे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. बिकॉज मास्तरांना बेळगाव सोडावं लागलं ते माझ्या एका वाक्यामुळे. शाळेच्या कमिटीसमोर मी ते बोललो. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे बोलतानाच मला ठाऊक होतं. मास्तरांचं कमिटीशी पटलं नाही, असं लोक अजून म्हणतात. मीही त्यावर मान डोलवत आलो आहे.

मास्तरांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. तोंडात ते कुणाच्याच नव्हतं. समोरच्यानं काहीही सांगितलं की मास्तर उजवा तळहात पुढं करायचे, प्रसाद घ्यायला करतात तसा, आणि म्हणायचे, "बिकॉज?" उत्तर हातावर पडेपर्यंत तो हात मागं जायचा नाही. "सर, उशीर झाला." बिकॉज? "सर, पोट दुखतंय." बिकॉज? शनिवारच्या बाजारातसुद्धा तेच. भाजीवाल्या बाईनं वांग्यांचा भाव वाढवला तेव्हा मास्तरांनी हात पुढं केला. "महाग झाली व्हय गं? बिकॉज?" तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण मास्तरांना ती चांगली ओळखून होती. "बिकॉज तुमचा कोट भारी हाय मास्तर!" मास्तर इतके खूश झाले की त्याच भावानं वांगी घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "ती बाई तुमच्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलते."

ते शहापूरच्या विणकर घरातले. वडील आणि भाऊ मागावर, हे एकटेच शिकून कोट घालणारे. व्याकरणाच्या पुस्तकात 'उभयान्वयी अव्यय' असं छापलेलं असायचं. मास्तर म्हणायचे, "एवढा मोठा शब्द तोंडात धरून धागा कोण जोडणार? त्याला सांधा म्हणा." मग खिशातून सुताचा तुकडा काढून तोडायचे आणि बोटांच्या चिमटीत पीळ देऊन पुन्हा एक करायचे. "आमचे आप्पा म्हणतात, सांधा दिसला न्हाय पायजे, आणि ओढल्यावर तुटलाबी न्हाय पायजे. इंग्रजीत ह्याच्यापलीकडं काय न्हाय." 'अँड' त्यांना फारसा आवडायचा नाही. तो आळशी माणसाचा सांधा, म्हणायचे. दोन वस्तू शेजारी ठेवल्या आणि झोपी गेला.

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. आमच्या वर्गात मराठी मुलं एका अंगाला आणि कानडी मुलं दुसऱ्या अंगाला बसायची. कुणी बसवली नव्हती, आपोआप बसायची. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात ती मांडणी मोडून प्रत्येक बाकावर एक मराठी आणि एक कानडी अशा जोड्या लावल्या. रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या घरचं एक वाक्य इंग्रजीत करून आणायचं. वाक्य छोटं, पण खरं. मग दोघांनी मिळून ती दोन वाक्यं सांध्यानं जोडायची. 'बट' म्हणा, 'सो' म्हणा, 'बिकॉज' म्हणा, पण दोघांना पटला पाहिजे. नाही पटला तर दोघांनीही अंगणातल्या चिंचेखाली जायचं आणि पटल्यावरच परत यायचं. "वाक्यं दोघांची, तर सांधाबी दोघांचा. एकट्यानं लावलेला सांधा मी तपासणार न्हाय," हा त्यांचा कायदा.

माझा जोडीदार इरप्पा, सदलग्याचा. गावात इंग्रजी शाळा नाही म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला बेळगावला आणलं आणि तो मास्तरांच्याच घरी राहू लागला. मी येळ्ळूरहून पायी यायचो. त्यामुळं माझं वाक्य बहुतेक ठरलेलं: 'आय केम लेट.' एके दिवशी इरप्पानं आणलं, 'द भाकरी वॉज हॉट.' आता जोडा! मी म्हणालो, बट. तो म्हणाला, सो. निघालो चिंचेखाली.

"तुझ्या भाकरीनं मला उशीर कसा रं होईल?" मी म्हणालो.

"मग तुझ्या उशिराचा माझ्या भाकरीला 'बट' कशाला? ती तव्यावर हाय, तू वाटेवर हाईस."

असं बराच वेळ चाललं. शेवटी इरप्पा डोकं खाजवत म्हणाला, "परशा, एक करू. जोडलेलं वाक्य पैलं ठरवू, मग ते खरं करू." मधल्या सुट्टीत त्यानं मला हाताला धरून मास्तरांच्या घरी नेलं. मास्तरांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. आक्का चुलीपुढं बसल्या होत्या. इरप्पा त्यांच्याशी कानडीत काहीतरी बोलला, त्या हसल्या, आणि माझ्या पुढ्यात तव्यावरची भाकरी आणि लोण्याचा गोळा आला. वर्गात परत येऊन आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, "आय केम लेट, बट द भाकरी वॉज स्टिल हॉट!" मास्तरांनी हात पुढं केला. "बिकॉज?" इरप्पा म्हणाला, "बिकॉज आक्का इज गुड." त्या दिवशी मास्तरांनी पुढं काही शिकवलंच नाही.

त्या जेवणातच मला एक गोष्ट कळली, आणि ती कळली म्हणूनच माझा गुन्हा मोठा आहे. आक्का सहज बोलल्या की जोंधळा आणि लोणी सदलग्याहून येतं. मास्तर पोराच्या राहण्याचं काही घ्यायला तयार नव्हते, तेव्हा इरप्पाचे वडील म्हणाले होते, "माझं पोरगं खातंय, त्याच्या पोटाचं तरी येऊ द्या." बाजाराच्या दिवशी गाडीतून पोतं यायचं ते एवढ्यासाठी. मी त्यातलंच खाल्लं होतं.

आता माझ्याकडं येतो. वर्गात पहिला येणाऱ्याला नादारी मिळायची, म्हणजे पुढच्या परीक्षेपर्यंत फी माफ. ती माझी होती. आमचे अण्णा म्हणजे वडील, त्यांनी साफ सांगितलं होतं, "नादारी हाय तवर शाळा. न्हायतर नांगर हाय." सहामाहीत इरप्पा पहिला आला आणि नादारी त्याच्याकडं गेली. मी दुसरा. त्यानं निकाल बघून माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "वार्षिकला तू ये रं, आपलं एकच बाक हाय." मी हसलो. त्या रात्री मला नांगराची मूठ डोळ्यापुढं दिसत होती.

कमिटीतल्या काही मंडळींना जोड्यांचं बसणं आधीपासून खुपत होतं. ह्या भाषेची पोरं त्या भाषेच्या पोरांत मिसळून शिस्त बिघडते, अशी तक्रार होती. त्यासाठी चौकशी झाली आणि काही मुलांना आत बोलावलं. मास्तर दाराशी उभे होते. मला विचारलं, "इरप्पा मास्तरांच्या घरी राहतो, खरं का?" म्हणालो, "व्हय." "त्याच्या घरून मास्तरांकडं धान्य, लोणी येतं?" "व्हय." दोन्ही वाक्यं खरी होती. पुढं मला कुणी काही विचारलं नाही. विचारणारे गृहस्थ कागद आवरायला लागले होते. मीच म्हणालो, "म्हणून तर तो पहिला आला."

बोललो आणि मास्तरांकडं बघितलं. हात पुढं येईल असं वाटलं. तो आला असता तर मी कोसळलो असतो, सगळं खरं सांगून मोकळा झालो असतो, असं मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय. पण मास्तरांनी हात कोटाच्या खिशात घातला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी एका मुलाला बिकॉज विचारलं नाही.

कमिटीनं ठरवलं की इरप्पाची नादारी बंद, बाकं पूर्वीसारखी, आणि विद्यार्थ्यानं मास्तरांच्या घरी राहायचं नाही. मास्तर एवढंच म्हणाले, "पोराला घराबाहेर काढून मी वर्गात काय तोंडानं शिकवू?" आठवडाभरात त्यांनी शाळा सोडली. आक्का, दोन ट्रंका आणि इरप्पा यांना घेऊन बैलगाडीनं निपाणीला निघाले. जाताना इरप्पानं गाडीतून ओरडून मला सांगितलं, "परशा, भाकरी खायला निपाणीला ये!" नादारी मला मिळाली. मी मॅट्रिक झालो, आणि मास्तरही झालो.

पुढं बऱ्याच वर्षांनी कोगनोळीला लग्नाला निघालो होतो, तेव्हा निपाणीत उतरलो. तंबाखूच्या वखारीला लागून दोन खोल्यांत मास्तरांची शाळा होती. वखारीत काम करणाऱ्या बायकांची पोरं सतरंजीवर जोडीजोडीनं बसलेली. तंबाखूच्या धुरळ्यानं कुणी ना कुणी सारखं शिंकायचं. मी खिडकीशी उभा होतो. एक मुलगी उठून म्हणाली, "आय स्नीझ्ड." तिच्या जोडीदारानं जोडलं, "अँड टीचर स्नीझ्ड." मास्तर लगेच म्हणाले, "अँड न्हाय! माझी शिंक तुझ्यामुळं हाय का वखारीमुळं, ते ठरवून सांगा. जावा भाईर." दोघंही हसत बाहेर पळाली. मास्तरांचा हात अजून तसाच पुढं येत होता.

मास्तरांनी मला लगेच ओळखलं. "परशा! लई वर्सांनी आलास." आणि तळहात पुढं आला. "बिकॉज?"

सांगायला हीच जागा होती. मी म्हणालो, "कोगनोळीला लग्नाला निघालोय, सर. वाटेत आलतो." तो हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो माझ्या पाठीवर ठेवला. "बरं केलंस. जेवून जा. इरप्पाबी हितंच शिकवतोय, एवढ्यात येईल." मोटार चुकेल म्हणून निघतो, असं मी म्हणालो. मोटारीला भरपूर वेळ होता. हा माझा दुसरा खोटा सांधा.

माझ्या वर्गात आज मुलं जोडीनं बसतात. एक मराठी, एक कानडी. वाक्यं दोघांची, सांधा दोघांचा. भांडली तर पटांगणात जातात आणि बहुतेक वेळा हसत परत येतात. यंदा शाळेवर स्वातंत्र्याचा झेंडा चढला, आणि तो उतरायच्या आतच हा मुलूख कोणत्या भाषेचा, अशी बोलणी बाजारात ऐकू यायला लागली. माझ्या बाकांवर ती अजून आलेली नाहीत. त्याचं श्रेय लोक मला देतात. मी आजवर ते नाकारलेलं नाही, पण उद्यापासून वर्गात सांगणार आहे की ही रीत बिकॉज मास्तरांची.

मास्तर ह्या उन्हाळ्यात गेले. शेवटपर्यंत शिकवत होते. गेल्या महिन्यात इरप्पा माझ्या घरी आला, केस पांढरे, हसणं तेच. निपाणीची शाळा आता तोच चालवतो. खोल्या वाढल्यात, मुली वाढल्यात. मास्तरांवर विद्यार्थ्यांचे लेख घेऊन लहानसं पुस्तक काढायचं म्हणाला. "पैला लेख तुझा रं. आपण एका बाकावरचे." बायकोनं गरम भाकरी वाढली तेव्हा त्यानं ताट वर धरून तिला ते जुनं इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं. ती हसून हसून बेजार झाली. मी पाणी आणायला उठलो.

निघताना दारात तो म्हणाला, "एक मात्र मला कदी कळलं न्हाय बघ. कमिटीनं आपल्याला भाईर का काढलं? मी मोठा झाल्यावर मास्तरांच्या पुढं असाच हात धरला. म्हटलं, बिकॉज? तर म्हनाले, ते वाक्य माझं न्हाय. ज्याचं हाय तो येऊन सांगंल."

येऊन सांगेल, असं ते म्हणाले होते. म्हणजे खिडकीशी उभ्या असलेल्या मला त्यांनी आशेनं विचारलं होतं. आणि मी मोटारीचं निमित्त सांगून निघून आलो होतो. तरी त्यांनी ते इरप्पाला सांगितलं नाही, माझी जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली. एवढा विश्वास माझ्यावर दुसऱ्या कुणी ठेवलेला मला आठवत नाही.

म्हणून हा लेख पोस्टानं जाणार नाही. येत्या रविवारी मी निपाणीला जाणार आहे. इरप्पानं हा वाचण्याआधी त्याच्यासमोर सतरंजीवर बसणार आहे, आणि त्याचा तळहात पुढं आला की ह्या वेळी त्यावर खरं उत्तर ठेवणार आहे. मग लेख छापायचा की नाही ते त्यानं ठरवावं. सांधा दोघांचा आहे.

इरप्पा स्वतःच्या बुद्धीनं पहिला आला होता. हे त्याला तोंडानं सांगायचं माझं देणं अजून बाकी आहे.