मोटारीखालचा नवरा

लग्न होऊन मी बालाघाटला आले तेव्हा सासरी दोन गोष्टींचा बोलबाला होता, सासऱ्यांची शिस्त आणि सासऱ्यांची मोटार. शिस्त धडधाकट होती. मोटार मात्र घरच्या धानगिरणीमागच्या अंगणात पाय मोडल्यासारखी एका बाजूला कलून उभी असायची. भरवेलीच्या खाणीवरचा एक गोरा साहेब मायदेशी जाताना ती सासऱ्यांच्या गळ्यात मारून गेला होता. चालू केली की असा आवाज करी, की शेजारची म्हैस दावं तोडून पळायची. सासऱ्यांना एकदा तरी त्या मोटारीतून रामपायलीला आपल्या थोरल्या भावाच्या दारात उतरायचं होतं. भावाकडे अजून बैलगाडीच होती.

शिस्तीतला मुख्य नियम असा, की मोठ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. आता मोठे नाहीत अशी जागाच त्या घरात नव्हती. रात्री आमच्या खोलीच्या भिंतीला लागून पलीकडे सासूबाईंची खाट, आणि आम्ही कुजबुजलो की पलीकडून खोकला येई.

आणि मला तर नवऱ्याला एक गोष्ट सांगायचीच होती. लग्नापायी माझी मॅट्रिकची परीक्षा राहून गेली होती. ती मला द्यायची होती. सासऱ्यांना विचारायची माझी छाती नव्हती, यांनी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. पण यांना सांगू कुठे?

आमचे हे दर रविवारी मोटारीखाली शिरत आणि सासरे आत बसून हे सांगतील ते पायडल दाबत. एका रविवारी सासऱ्यांचा गुडघा धरला. खालून यांचा 'दाबा, सोडा'चा धोशा चालूच होता. सासऱ्यांनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला, "सूनबाईले बसव. दाब-सोड म्हनलं तर ते काही बोलनं नाही होत."

डोक्यावरचा पदर सावरत मी स्टिअरिंगसमोर जाऊन बसले. त्या दिवशी धुराच्या नळीचं काम होतं. नळी गंजून कुठे कुठे फुटली, ते इंजिन चालू ठेवून बघायचं होतं. "रेस दे," खालून आवाज आला. भर दिवसा माझ्या नवऱ्याने माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. मी इतक्या आनंदाने पाय दाबला की म्हैस पळालीच. मग कान देऊन ऐकलं, तर यांच्या हुकमांच्या मध्येच भलतंच काही येत होतं. "रेस दे. सोड. जेवली का? रेस दे." सूर अगदी तोच, मिस्त्रीचा. ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांना काय कळणार? मी 'हौ' म्हणण्याऐवजी पुन्हा रेस दिली. नळीला पत्र्याचं ठिगळ लावून हे बाहेर आले तेव्हा तोंडाचा नुसता कोळसा झाला होता, दात तेवढे पांढरे. हा माणूस मला आवडतो, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या खेपेला कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा. त्यांचे पाटे मोडले होते, ते बदलायचे होते. आधी कुरकूर कुठून येते ते कळावं म्हणून मला आत बसून उसळ्या मारायला सांगितलं. मी इमानाने मारत होते. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि सुनेला मोटारीत एकटीच उड्या मारताना बघून जागच्या जागी थांबल्या. "काय वं," त्या म्हणाल्या, "अंगात आलं का?"

त्या आत गेल्याबरोबर, सासरे ओट्यावर पेंगताहेत असं बघून मी धीर केला. दारातून खाली वाकून म्हटलं, "मले तुमाले एक सांगायचं हाय." मी परीक्षेचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी पाट्याच्या खिळ्यावर हातोडा घालायला सुरुवात केली, आणि तो काही थांबेना. माझी सगळी परीक्षा त्या दणक्यात वाहून गेली. मला इतका राग आला, की संध्याकाळी भातात मीठ घालायचं विसरले.

मग राहिला क्लच. गोंदियाहून नवी प्लेट आली. आता सासऱ्यांना रामपायली दिसू लागली, तसे ते खुर्ची घेऊन थेट मोटारीजवळच येऊन बसू लागले. "दाब. सोड." बाकी काही नाही. मोटार जसजशी सुधरत होती, तसतसा माझा धीर सुटत होता. हिला आणखी एखादं दुखणं लागू दे, म्हणून मी मनातल्या मनात नवस बोलले.

नवस काही फळला नाही. मोटार तयार झाली. ती रस्त्यावर चालवून बघायची तर बरोबर कोण जाणार? स्वतः जायला सासरे घाबरले. चौकात बंद पडली असती तर सगळ्या गावाने दात काढले असते. त्यांनी यांना सांगितलं, "बंद पडली तर तू ढकलशीन, सून पायडल दाबन. तिलेच मालूम हाय." सासूबाईंनी नाक मुरडलं, पण गिरणीतल्या हमालाला बसवायला त्याही तयार नव्हत्या.

भरवेलीच्या रस्त्याला लागलो. आजूबाजूला कुणी नाही, मोटारीचाही आवाज नाही, आणि आम्ही दोघं शेजारी शेजारी. लग्न झाल्यापासून ज्याची वाट पाहिली तो एकांत हाच. आणि दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. हे समोर बघत होते, मी खिडकीबाहेर.

मोहाच्या एका झाडाखाली यांनी गाडी उभी केली. मागचं पोतं काढून जमिनीवर अंथरलं आणि सरळ मोटारीखाली शिरले.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

"काही नाही बिघडलं. तू तिकडं सरकून बस. आता सांग, त्या दिवशी काय म्हनत होती?"

मी स्टिअरिंगमागे सरकले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मॅट्रिक, राहिलेली परीक्षा, सासऱ्यांची भीती.

"बस, एवढंच?" यांचा आवाज बदललेला होता. "बाबाले मी सांगतो. मले तर वाटलं होतं, तू मायच्या घरी परत चालली म्हनशीन. म्हनून तर त्या दिवशी हातोडा थांबवला नाही."