चारशे किलोचा पाळणा

कॉलेजात मुलं बाईंना मागून ‘गृहीतबाई’ म्हणायची. मेकॅनिक्सचं कुठलंही गणित त्या एकाच वाक्याने सुरू करायच्या: दोरीला वजन नाही, ती ताणली जात नाही आणि कप्पीत घर्षण नाही, असं गृहीत धरा. तीस वर्षं हेच शिकवलं. उत्तरं बरोबर यायची, मुलं पास व्हायची.

धाकट्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्याची विचारपूस करायला बाई एका दुपारी त्याच्या छापखान्यात गेल्या. कागदाचे गठ्ठे दुसऱ्या मजल्यावर चढवायला तिथे मोटरचा पाळणा होता. पाळणा सुटताना दर वेळी एक कोरडा कर्रकर्र आवाज येई. तिथल्या कुणाला तो ऐकूही येत नव्हता. बाईंचं मात्र बोलण्यावरून लक्षच उडालं.

त्या खाली जाऊन वर बघत उभ्या राहिल्या. कप्पी फिरतच नव्हती. तारेचा दोर तिच्यावरून घासत जात होता आणि एका जागी त्याच्या तारा केसांसारख्या पिंजारल्या होत्या.

सुपरवायझर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने कौतुकाने भिंतीवरचा हिशोब दाखवला: दोर पाचशे किलो पेलणारा, माल चारशेचा. वर सुबक अक्षरात तीन गृहीतकंही लिहिली होती. बाईंनी खडू मागितला.

त्यांनी त्याला विचारलं, मोटर सुरू होताना काय होतं? झटका बसतो, तो म्हणाला. तिथेच खडूने त्यांनी दाखवलं की, त्या क्षणी दोरावरचा ताण सव्वापाचशेच्या घरात जातो, आणि तोही दोर नवा असेल तर. त्याचा चेहरा उतरला. पण मालक त्यांचा भाऊ होता, आणि भाऊ हसला.

“ताई, अकरा वर्षं चालतोय तो. तुझी गणितं वर्गात.”

बाईंनी खूप विनवलं. शेवटी महिनाअखेरीस दोर बदलतो, असं त्याने कबूल केलं. तोवर पाळण्याखालून कुणी जाऊ नये म्हणून बाईंनी स्वतः दोन बाकं ओढून वाट अडवली. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी घाईची ऑर्डर आली. कामात अडचण होते म्हणून भावाने बाकं उचलायला लावली. सहाव्या दिवशी दोर तुटला.

खाली सुपरवायझर होता. एका बाइंडरला मागे ढकलायला तो धावला होता. बाइंडर वाचला, सुपरवायझरने मात्र गुडघ्याखालचा पाय गमावला.

हॉस्पिटलात त्याने हळूच विचारलं, “मॅडम, माझं उत्तर चुकलं होतं का?”

“उत्तर बरोबर होतं,” बाई म्हणाल्या. “ते कुठवर खरं, हे मी कधी शिकवलंच नाही.”

भावाने नवा पाळणा बसवला, उपचारांचा खर्चही केला. पण बहिणीसमोर त्याला मान वर करवेना. बाईंनीही त्याला एका शब्दाने टोचलं नाही. तुटलेल्या दोराचा हातभर तुकडा त्यांनी मागून घेतला आणि वर्गात नेला. पहिल्या बाकापासून शेवटच्यापर्यंत तो मुलांच्या हातून फिरवला. पिंजारलेल्या तारांवरून मुलं जपून बोट फिरवत होती. त्या दिवशी फळ्यावर बाईंनी काहीच लिहिलं नाही.